दोघंच बोटीवर, आणि स्पिनेकरचा सॉक निम्म्यात अडकतो

अजिंक्यतारा_३१ (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची बोट ३१ फुटी, जुनी, आमच्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. मुंबई बंदरात मूरिंगवर असते, पावसाळ्यात वर काढतो. राहतो साताऱ्यात, म्हणजे बोटीवर जायचं तर पहाटे खंबाटकी ओलांडायचा आणि पनवेलला ट्रॅफिकमध्ये बसून वाऱ्याचा अंदाज बघायचा. खलाशी दोनच, मी आणि आमच्या सौ. मुलगा एकदा आला होता, त्याला गेटवेसमोरच उलटी झाली, तेव्हापासून तो फोटो मागवतो. मी २६ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. समुद्र भरपूर पाहिला, पण तळमजल्यावरून. वारा हा विषय साठीला शिकायला घेतला आहे.

बोटीबरोबर एक असिमेट्रिक स्पिनेकर (मागून वारा असताना लावायचं पातळ, फुगणारं शीड) मिळाला, लाल-पिवळा, साधारण ७० चौरस मीटर, सॉकसकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सॉक म्हणजे शिडाच्या उंचीची पातळ कापडाची लांबलचक पिशवी, दोन्ही टोकांना उघडी. खालच्या तोंडाला फायबरचं अंडाकृती कडं असतं, आम्ही त्याला घमेलं म्हणतो. एक अखंड दोर वरच्या कप्पीतून फिरून खाली येतो. त्याचा एक पदर ओढला की घमेलं वर चढतं आणि शीड खालून उमलत जातं. दुसरा ओढला की घमेलं खाली येतं आणि शीड पिशवीत जातं. कागदावर.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. जानेवारीत मुंबईहून रत्नागिरीला निघालो. पहाटे मतलई वाऱ्यावर मस्त सुटलो. अकराला वारा मेला. साडेबारानंतर वायव्येकडून खारा वारा भरायला लागला, आम्हाला जायचं दक्षिणेला, वारा उजव्या खांद्यामागून. स्पिनेकरसाठी याहून चांगलं काय असतं? सॉक वर चढवला, घमेलं ओढलं, शीड उघडलं. दोन तास साडेसहा नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), इंजिन बंद, ऑटोपायलट सुकाणूवर, आणि आम्ही दोघं कंदी पेढे खात बसलेलो.

तीनच्या सुमारास मुरुड-जंजिरा डाव्या हाताला असताना वारा १६ नॉटवर गेला, आणि पुढे जाळ्यांचे झेंडे दिसायला लागले. म्हटलं, आता आवरूया. ऑटोपायलट काढून सुकाणू मी घेतलं, सौ. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, गेल्या. त्यांनी दोर ओढला. घमेलं तीन-चार फूट खाली आलं आणि तिथेच बसलं. मग मी बोट वाऱ्यात वळवली, म्हणजे शिडातली हवा जाईल. शीड गेलंच नाही, उलट असं फुगलं की सौ.चे दोन्ही पाय डेकवरून सुटले. त्या दोराला लोंबकळल्या, मग दोर हातातून सरकला. तळहात सोलले. शेवटी मी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढून धरणारा दोर, सोडून दिला आणि ७० चौरस मीटर नायलॉन पाण्यात. ते ओढून घ्यायला आम्हा दोघांना चाळीस मिनिटं लागली. शिडात एक जेलीफिश आणि कुणाच्या तरी जाळ्याचा थर्माकोलचा तुकडा निघाला. रत्नागिरीचा बेत रद्द.

साताऱ्याला आणून गोड्या पाण्यात धुतलं, गच्चीवर वाळत घातलं. खालून दोघातिघांनी विचारलं, "मंडप कुणाकडं?"

विचारायचं असं. सॉकचा मापात काही घोटाळा असेल का? का तो दोरच चुकीचा गुंफलाय? टॉप-डाउन फर्लर (शीड वरून खाली गुंडाळत आणणारं यंत्र) घ्यावा असं एक जण म्हणाला, पण त्याच्या किमतीत इथे चांगली दुचाकी येते, आणि ती रोज वापरली तरी जाते. दोघंच असताना हे काम कोणत्या क्रमाने करायचं, कुणी नीट सांगेल का?

कराडचा_नाखवा

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साठीनंतर दोघांनी स्पिनेकरचा हट्ट कशाला? जेनोआ, म्हणजे पुढचं नेहमीचं शीड, पोलवर (आडव्या दांड्यावर) बाहेर काढा, मोठं शीड (डोलकाठीवरचं मेनसेल) दुसऱ्या बाजूला. १६ नॉटमध्ये फार तर अर्धा-पाऊण नॉट कमी पळेल. आणि आवरायला एक फर्लरचा दोर. पेढे पूर्ण खाऊन होतील.

पी_टी_बाई (सातारा)

मी वरच्या गृहस्थांची बायको. दोर माझ्या हातात होता, म्हणून मीही लिहिते.

आधी नाखव्यांना. भाऊ, वारा १६ असला तर तुमचं खरं. पण जानेवारीत निम्मा दिवस तो सहा-आठच असतो. तेव्हा जेनोआ ओल्या धोतरासारखं लटकतं आणि ह्यांचा हात लगेच इंजिनच्या किल्लीकडे जातो. इंजिनचा आवाज मी संसारात पुरेसा ऐकला आहे, तोही फोनवरून.

आता राहिलेली माहिती, जी ह्यांनी सोयीस्कर गाळली. मी शाळेत २९ वर्षं पी.टी. शिकवलं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचा झेंडा माझ्याकडे असायचा. अखंड दोर, वर कप्पी, एक पदर वर, एक खाली, हे मला झोपेत कळतं. झेंडा अडकला तर काय करायचं हेही कळतं: ओढायचं नाही, ढील द्यायची, बघायचं, मग ओढायचं. नाळेवरून मला दिसत होतं की दोराचे दोन पदर वरच्या बाजूला एकमेकांना पीळ घालून बसलेत. मी ओरडून सांगत होते. मागून उत्तर येत होतं, "ओढ! ओढ!" वाऱ्यात एवढंच ऐकू आलं.

आणि अजून एक. त्या सगळ्या वेळात शिडाची शीट, म्हणजे शिडाचं मागचं टोक ओढून धरणारा दोर, विंचवर घट्ट होती. ती कुणी सोडली नाही. मी तर नाळेवर होते.

अजिंक्यतारा_३१ (सातारा)

वरील प्रतिसाद आत्ता वाचला. आम्ही एकाच खोलीत बसलो आहोत.

शीट घट्ट होती हे खरं आहे.

आयर्विनखालचा (सांगली)

वहिनी, तुम्ही दोन ओळींत निदान केलंत, आता मी वीस ओळींत तेच सांगतो. नौदलात होतो, तिथे शिडाच्या बोटींवर पुष्कळ घाम गाळला. आता विश्रामबागेत घर आहे, आणि पाणी म्हणाल तर कृष्णा आणि पूर.

सॉक शीड उतरवत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. सॉक म्हणजे उशीचा अभ्रा. उशी दाबून लहान केली तर अभ्रा चढतो, फुगलेल्या उशीवर चढवायला गेलात तर शिवण उसवते. शिडातला वारा काढणं हे काम शीट, मोठं शीड आणि सुकाणू यांचं. वारा निघाला की सॉक नुसता वरून झाकण घालतो, त्याला लहान पोराच्या हाताएवढं बळ पुरतं. बळ लावावं लागतंय याचा अर्थ आधीची पायरी राहिलीय. मग थांबायचं.

आता काका, तुमची खरी चूक. मोठं शीड उतरवताना आपण बोटीचं तोंड वाऱ्यात घालतो, कारण ते डोलकाठीला बांधलेलं असतं, वाऱ्याच्या रेषेत आलं की नुसतं फडफडतं. ती सवय हाताला लागते. स्पिनेकरला नेमकं उलटं. तो वाऱ्यात वळून मरत नाही, पिसाळतो. हिशोब करून दाखवतो, इंजिनरूमचे आहात म्हणून. खरा वारा १६ नॉट, बोट ६.५ ने पळतेय, वारा मागच्या तिरक्या बाजूने, म्हणजे नाळेपासून १५० अंशांवर. बोटीवर जाणवणारा वारा साधारण ११ नॉट. ७० चौरस मीटरवर त्याचा जोर ढोबळमानाने १३० किलो. आता तुम्ही वळून वारा काटकोनात घेतलात. बोटीचा वेग वाऱ्यातून वजा होत होता तो आता होत नाही, जाणवणारा वारा १७ च्या वर. जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३३० किलोच्या आसपास. तीन क्विंटलच्या वर! आणि त्याच्या टोकाला वहिनी. पाय सुटतील नाहीतर काय होईल.

याच्या उलट तुम्ही अजून खाली वळला असतात, म्हणजे वारा जवळजवळ सरळ पाठीमागे, १७० अंशांवर, तर जाणवणारा वारा साडेनऊवर आला असता आणि जोर शंभर किलोवर. शिवाय मोठं शीड पूर्ण बाहेर काढलेलं असतं तर स्पिनेकर त्याच्या सावलीत आला असता. सावली हा शब्द आम्ही शब्दशः वापरतो. मोठ्या शिडामागे वारा नसतो. तिथे स्पिनेकर आपोआप ढिला पडतो, वाळत घातलेल्या साडीसारखा.

मी आणि माझा मेहुणा दोघंच असायचो तेव्हा क्रम असा होता. नाळेवर जाणाऱ्याने हार्नेस (अंगातला सुरक्षा पट्टा) जॅकलाइनला, म्हणजे डेकवर लांबीने ताणलेल्या दोराला, अडकवून पुढे जायचं, बसायचं, उभं राहायचं नाही. दोराचे दोन्ही पदर हातात घेऊन वर बघायचं, पीळ नाही ना याची खात्री करायची आणि हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय मागच्याने काही करायचं नाही. मग मागचा माणूस ऑटोपायलटवर बोट खाली वळवतो. हाताने नाही, ऑटोपायलटवरच, कारण त्याचे दोन्ही हात आता शीटला लागणार आहेत. मोठं शीड बाहेर, त्याच्या बूमला (खालच्या आडव्या दांड्याला) प्रिव्हेंटर, हा रोखून धरणारा दोर, लावलेला, म्हणजे चुकून जाइब झाली, वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने आला, तरी बूम डोक्यावरून येणार नाही. मग शीट सोडायची. थोडी नाही, भसकन, हातभर-दोन हात नाही, पाच-सहा मीटर. शिडाचं मागचं टोक पुढे फोरस्टेकडे (डोलकाठीवरून नाळेला आलेल्या तारेकडे) तरंगत जातं आणि पोट जातं. त्याच क्षणी पुढचा माणूस ओढायला लागतो. मागचा हात थांबला तर पुढचा थांबतो. शिडाने पुन्हा श्वास घेतला, तर पुढच्याने दोर सोडून द्यायचा, भांडायचं नाही. घमेलं वर गेलं तर जाऊ दे. परत सुरुवात.

शीटच्या शेवटाला गाठ मारू नका. अगदीच हाताबाहेर गेलं तर पूर्ण सुटून जाऊ दे.

दोराबद्दल. सरळ वरून खाली ओढू नका. नाळेजवळ डेकवर एक कप्पी अडकवा, खाली ओढायचा पदर तिच्यातून घ्या आणि वरच्या दिशेला ओढा. शीड खेचायला लागलं तर ताण कप्पीवर येतो, माणूस वर उचलला जात नाही, उलट डेकवर दाबला जातो. तळहाताला वेढा कधीही द्यायचा नाही. हातमोजे पूर्ण बोटांचे. घमेलं वर जाताना तर दोर धरायचाच नाही, खालचं दोन-तीन मीटर हाताने उघडलं की पुढचं वाराच उघडतो, आणि दोर जो वेगाने पळतो तो तुम्ही बघितलाच.

आणि आकडा ठरवा. आमच्याकडे आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. ४५ ला विचार करायला बसत नाही कुणी, ४० लाच सामान माळ्यावर जातं. तुमच्या दोघांच्या बोटीला १२ नॉट खरा वारा म्हणजे इशारा, १५ म्हणजे शीड पिशवीत गेलेलं असलं पाहिजे. पाठीमागून वारा असताना फसगत हीच होते, १५ चा वारा अंगाला ९ चा वाटतो आणि पेढे गोड लागतात. दिवस मावळायच्या आतही आवरायचं, कोकण किनाऱ्याला रात्री जाळी दिसत नाहीत.

तिसरा माणूस घ्या असं कुणीतरी इथे सांगणारच, म्हणून आधीच सांगतो. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणी ही ५६ फुटी बोट २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून नेली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आणली. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे म्हादेईवर एकटे फिरून आले, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवर कुठेही न थांबता. माणसं कमी असणं हा दोष नाही. कमी माणसांनी जास्त माणसांसारखं वागणं हा दोष आहे.

मतलई (अलिबाग)

सांगलीकरांशी ९०% सहमत. एका ठिकाणी वेगळं. मी शीटपेक्षा टॅक, म्हणजे शिडाचं खालचं पुढचं टोक, सोडतो. नाळेवरचा टॅकचा दोर दोन-तीन मीटर ढिला केला की शिडाची पुढची कडच सैल होते, शीड मोठ्या शिडामागे सरकतं. शीट सोडली की शीड फार फडफडतं, घमेलं त्या फडफडीत आपटतं, एकदा माझ्या कपाळावर आपटलंय.

आयर्विनखालचा (सांगली)

टॅक सोडायचा तर त्याचा दोर कॉकपिटपर्यंत, मागे सुकाणूपाशी, आणलेला हवा. काकांचा नाळेवरच बांधलेला असेल, म्हणजे तो सोडायलाही वहिनीच. एका माणसाला एका वेळी एकच काम. टॅक मागे आणलात तर तुमची पद्धत चांगली, त्यात वाद नाही. पण पूर्ण सोडून देऊ नका, शीड झेंड्यासारखं लांब उडतं आणि मग सॉक कुणाच्या बापाला खाली येत नाही.

टेबललँड (पाचगणी)

मला बोटीतलं ओ की ठो कळत नाही, पण कापडातलं कळतं. पाचगणीत पॅराग्लायडर दुरुस्त करते, आणि तुमचं स्पिनेकरचं कापड आणि आमच्या छत्रीचं कापड भाऊबंदच: रिपस्टॉप नायलॉन, चौकडीत जाड धागा विणलेलं, म्हणजे फाटलं तर चौकटीपाशी थांबतं. चार गोष्टी सुचल्या त्या लिहिते.

एक, मीठ. खाऱ्या पाण्यातून काढलेलं नायलॉन वरवर धुतलं तर मीठ शिवणीत राहतं. मीठ हवेतलं पाणी धरतं, कापड दमट राहतं, आणि दमट नायलॉन नायलॉनवर सरकत नाही. तुमचा सॉक पुढच्या वेळी अजून चिकटेल. रात्रभर बादलीत भिजवून, पाणी बदलून दोनदा धुवा. साबण नको. आणि गच्चीवर वाळवलंत ते सावलीत होतं ना? मार्चच्या साताऱ्याच्या उन्हात एक आठवडा म्हणजे कापडाचं एक वर्ष गेलं समजा. (हा हिशोब माझ्या मनाचा, पण उन्हाने जुनं झालेलं कापड नखाने फाटतं हे रोज बघते.)

दोन, सॉक उलटा करून बघा. शिवणीचे पदर आतल्या बाजूला असले तर शीड त्यांना घासत जातं. शिवण बाहेर हवी. मी एका गृहस्थांची असली पिशवी नुसती उलटी करून दिली होती, पैसे घ्यायला लाज वाटली.

तीन, दोर. दोन्ही पदर शिडाबरोबर पिशवीच्या पोटातूनच जात असतील तर ते शिडाला गुंडाळणारच. सॉकच्या बाहेरच्या अंगाला दोन अरुंद बाह्या शिवून प्रत्येक पदर वेगळा टाकला की एकमेकांना भेटायचा प्रश्नच नाही. पॅराशूटचं हलकं कापड लागतं, हात-दीड हात नाही, चांगलं तीस मीटर पट्टी. शिवायला एक दिवस.

चार, पिशवीच्या उभ्या बाजूवर एक रंगीत फीत पूर्ण लांबी शिवून टाका. फीत सरळ दिसली तर पीळ नाही. आम्ही दोऱ्यांना रंग देतो ते याचसाठी. वर हवेत असताना विचार करायला वेळ नसतो.

अजिंक्यतारा_३१ (सातारा)

टेबललँड ताई, सॉक उलटा केला. शिवण आत होती!! म्हणजे आधीच्या दोन्ही मालकांनी ह्यात किती माणसं लोंबकळवली असतील देव जाणे. दोर दोन्ही पोटातूनच. पुढच्या आठवड्यात पसरणी घाटाने वर येतो पिशवी घेऊन, पत्ता खाजगी निरोपात कळवा.

सांगलीकर, १७ नॉट आणि ३३० किलोचा हिशोब मी पुन्हा केला. बरोबर आहे. असा हिशोब पंपाचा असता तर मी झोपेत केला असता. वाऱ्याला दाब असतो हे कळायला बायकोचे तळहात सोलावे लागले, याचं वाईट वाटतं.

पी_टी_बाई (सातारा)

तळहात बरे झाले. हात वर करून खूण करायची हे मला पटलं. शिट्टीसुद्धा आहे माझ्याकडे, शाळेची. एक शिट्टी म्हणजे शीट सोड, दोन म्हणजे थांब. ओरडण्यापेक्षा बरी. मैदानाच्या त्या टोकाच्या मुलांना ऐकू जायची, कॉकपिट तर तीस फुटांवर.

कराडचा_नाखवा

वहिनी, माझे शब्द मागे घेतो. व्हिडिओ टाका.

अजिंक्यतारा_३१ (सातारा)

दीड महिन्याने लिहितोय. सॉक पाचगणीहून आला: शिवण बाहेर, दोन बाह्या, हिरवी फीत. आधी घरीच तालीम केली. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून हॅलयार्डच्या जागी साधा दोर टाकून सॉक खाली सोडला, खाली पार्किंगमध्ये सौ., वर मी. संध्याकाळी, वारा नसताना, शीड घालून. घमेलं वर-खाली वीसेक वेळा. एका हाताने. सोसायटीच्या चेअरमननी येऊन विचारलं की हे कायमस्वरूपी आहे का.

परवा समुद्रावर नेलं. प्राँग्स दीपस्तंभाच्या बाहेरून मांडव्याकडे, साडेसहा सागरी मैल, दुपारचा वायव्येचा वारा बरोबर पाठीवर. मधे बंदराचा चॅनल आडवा येतो, तिथे ७० चौरस मीटर कापड घेऊन कंटेनर जहाजासमोर जायचं नाही, म्हणून पहिल्यांदा चॅनलच्या अलीकडे आवरायचं ठरवलं. वारा १०. शिट्टी वाजली, मी ऑटोपायलटवर दहा-दहा अंश करत खाली वळवली, शीट सोडली, आणि पुढे बघेपर्यंत सौ. घमेल्यावर हात ठेवून बसल्या होत्या. किती सेकंद लागले ते मोजायचं राहिलं. चॅनल मेनसेलवर ओलांडला, पलीकडे परत उघडलं.

दुसऱ्यांदा एवढं सोपं गेलं नाही. मांडव्याच्या जवळ वारा १३ झाला. इशारा ओलांडून गेलाच होता, मी पाच मिनिटं "अजून थोडं" केलं. ऑटोपायलट कंपासवर होता, वारा दहा अंश फिरला, मोठ्या शिडात मागच्या बाजूने वारा भरला. प्रिव्हेंटरमुळे बूम आली नाही, पण बोट लडबडली आणि स्पिनेकरने फोरस्टेला एक वेढा घेतला, वर एक फुगा, खाली एक फुगा, मधे कंबर. सौ.नी दोन शिट्ट्या दिल्या. थांबलो. मग प्रिव्हेंटर काढून मोठं शीड मुद्दाम हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं, शिडांमधली हवा उलटी फिरली आणि एका मिनिटात तो वेढा आपसूक सुटला. ही युक्ती मतलई यांनी मला निरोपात सांगून ठेवली होती, त्यांचे आभार. त्यानंतर सॉक खाली आला, दोनदा थांबत.

टॅकचा दोर अजून नाळेवरच आहे. तो मागे आणायला दोन कप्प्या आणि एक जॅमर (दोर पकडून ठेवणारी खीळ) लागेल, ते पावसाळ्यात बोट वर असताना करीन.

एक शंका राहिली. सॉकच्या वरच्या टोकाचा स्विव्हल (पीळ पडू नये म्हणून फिरणारी कडी) हाताने फिरवला तर फिरतो, पण ताणाखाली अडकल्यासारखा वाटतो. आत बॉल बेअरिंग असेल असं धरून चाललो होतो, उघडला तर नुसतं पितळ पितळावर घासतंय. ग्रीस भरून चालेल, की ते ग्रीस शिडाच्या डोक्याला लागून डाग पाडेल?

टेबललँड (पाचगणी)

डाग पडेल आणि धूळ धरेल. ग्रीस नको. कोरडं सिलिकॉन मारा. नाहीतर आमच्या हार्नेसचा जुना बेअरिंगवाला स्विव्हल पडलाय, ताण किती लागतो ते सांगा, बघते बसतो का.

आयर्विनखालचा (सांगली)

ताण सांगताना वाऱ्यात वळल्यावरचा सांगा. खाली वळल्यावरचा नको.